टायरॉड नाना

सुरतेत डोंगर नाही. शहरात उंच म्हणून जे काही आहे ते महापालिकेने बांधलेलं आहे आणि त्यावर चढायला डांबरी उतारही तिनेच करून दिला आहे. पूल इतके, की लोक कौतुकाने ‘पुलांचं शहर’ म्हणतात. समुद्र गाठायचा तर डुमसची काळी वाळू आहे, पण तिच्यावर गाडी उतरवायला पोलिसांची मनाई. उरतो तो रिंगरोडवरचा कापडबाजार. भर दुपारी साड्यांची पार्सलं लादलेल्या टेम्पोंमधून तिथे वाट काढणं खडतर आहे खरं, पण त्याला छाती लागते, फोर-व्हील ड्राइव्ह नाही.

अशा या सपाट शहरात, डिंडोलीतल्या आमच्या सोसायटीत, लिंबाखाली महिंद्रची एक जुनी एमएम-५४० उभी असते. प्यूजोचं डिझेल इंजिन, पुढेमागे पाट्याच्या स्प्रिंगा, छपराला ताडपत्री. तिचं स्टीअरिंग मात्र सातपुडा काय, हिंदुकुश ओलांडायच्या तयारीत असतं. गाडी उभी असते आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले असतात. ते नानांचे.

सोसायटीतल्या लहान मुलांपैकी निम्म्यांनी नानांचा चेहरा नीटसा पाहिलेला नसावा. ती पावलं ओळखतात. उजव्या अंगठ्याचं नख काळं, डाव्या टाचेला भेग, हे आमच्याकडे नानांचं ओळखपत्र. मेंटेनन्सची पावती, लग्नाची पत्रिका, नवरात्राची वर्गणी, सगळं त्या पावलांशी वाकून बोलायचं असतं. आतून एक ग्रीसने माखलेला हात बाहेर येतो, कागद घेतो आणि त्यावर तेलाचा ठसा उमटवून परत देतो. काकू चहाची बशी चाकाच्या उंचीवर धरतात. बशीला चाकाचीच सवय झाली आहे, टेबल घरात असूनही चहा तिथे जात नाही.

नाना मूळचे अमळनेरकडचे. उधना, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यात खानदेश एवढा भरला आहे की सकाळी रस्त्यात मराठी-गुजरातीच्याही आधी अहिराणी कानावर पडते. नानांची सगळी नोकरी पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये मेंटेनन्सला गेली. तिथे त्यांनी आयुष्यभर तुटलेल्या वस्तू जोडल्या, आणि निवृत्तीच्या दिवशी बहुधा असं ठरवलं की आता पुढे काही तुटूच द्यायचं नाही.

त्यांचा आवडता शब्द ‘हेवी’. तो विशेषण आहे, क्रियाविशेषण आहे आणि वेळप्रसंगी आशीर्वादही आहे. “हेवी करून टाकू” म्हटलं की समोरच्या वस्तूचं सुखाचं आयुष्य संपलं. बाल्कनीतली कपड्यांची दोरी गेली आणि तिथे सळई आली. सळई ओल्या चादरींनी वाकेना, पण तिचे हूक ज्या भिंतीत होते तिचा गिलावा खाली आला. मग भिंतीला लोखंडी पट्टी आली. काकूंचं लाटणं फुटलं तेव्हा नानांनी ईएन-८ च्या सळईतून लेथवर नवं काढून आणलं. त्याने पोळी सुरेख होते, फक्त काकूंच्या हातात ते असेपर्यंत नाना कुठल्याही विषयावर मत देत नाहीत. सोसायटीच्या गणपतीचा मांडव एका वर्षी त्यांच्याकडे होता. दोन इंची पाइप, प्रत्येक सांध्याला वेल्डिंग. अनंत चतुर्दशीला गणपती गेले, मांडव गेला नाही. तो नवरात्रात गरब्याला लागला, दिवाळीत आकाशकंदिलाला लागला आणि अजून उभा आहे. सध्या त्याखाली मोटारसायकली असतात.

पण हे सगळं किरकोळ. नानांचा खरा जीव अडकला आहे तो जीपच्या पुढच्या दोन चाकांना जोडणाऱ्या एका आडव्या दांड्यात. त्याला म्हणतात टायरॉड.

कुणी पाहुणा आला की नाना त्याला हे शास्त्र त्याच्याच अंगावर समजावतात. पाहुण्याला उभं करतात, त्याचा उजवा खांदा धरतात. “हा स्टीअरिंग बॉक्स. चेसिसला पक्का.” मग दंड धरून पुढे-मागे हलवतात. “हा ड्रॉप आर्म. चक्र फिरवलं की हा हलतो.” मग कोपरापासून मनगट. “ही ड्रॅग लिंक. ही जाऊन एका चाकाच्या नकलला ढकलते. नकल फिरतं किंगपिनवर. आता दुसऱ्या चाकाला कोण सांगणार वळायला?” इथे पाहुण्याचा दुसरा हातही त्यांच्या ताब्यात गेलेला असतो. दोन्ही मनगटं एका लाटण्याने जोडून नाना विजयी मुद्रेने म्हणतात, “टायरॉड!” लाटणं ईएन-८ चं असल्यामुळे पाहुण्याला सुटता येत नाही, आणि चहा थंड होईपर्यंत तो डावीउजवीकडे वळत राहतो.

विज्ञान म्हणून यात काही खोट नाही. जुन्या जीपगाड्यांत पुढचा ॲक्सल अखंड असतो, त्यामुळे एका चाकाला बसलेला दणका दांड्यावाटे दुसऱ्या चाकाला आणि लिंकवाटे थेट हातात पोचतो. टायरॉड जमिनीपासून फार उंच नसतो. दगड, खुंट, फुटपाथ, जे काही चाकांच्या मधून जातं त्याची पहिली ओळख त्याच्याशी होते. त्याच्या एका टोकाला सुलटे आटे असतात, दुसऱ्या टोकाला उलटे. दांडा जागच्या जागी फिरवला की लांबी वाढते किंवा घटते, आणि चाकांच्या पुढच्या कडा मागच्यापेक्षा एकदोन मिलिमीटर आत आणता येतात. नाना हे काम अलाइनमेंटच्या दुकानात करत नाहीत. खडू, सुतळी आणि एक डोळा मिटून करतात. दुकानदाराच्या संगणकापेक्षा आपला मिटलेला डोळा जास्त खरा आहे असं त्यांचं म्हणणं.

ही तळमळ लागली ती २००६ च्या पुरात. त्या ऑगस्टात उकाईतून सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सुटलं आणि तापी शहरात आली. रांदेर-अडाजणकडे तळमजले बुडाले. सरकारी लिलावातून घेतलेली ही जीप तेव्हा नानांकडे नवी होती. दुधाच्या पिशव्या आणि पाण्याचे कॅन भरून ते निघाले आणि मांडीभर पाण्यातून बरेच आत गेले. मग पाण्याखाली लपलेला दुभाजक लागला. टायरॉड वाकला आणि भांडण झालेल्या नवरा-बायकोने खाटेवर तोंडं फिरवावीत तशी दोन चाकं दोन दिशांना बघू लागली. गाडी पुढेही जाईना, मागेही. आजूबाजूच्या इमारतींतून माणसं पाण्यातून चालत आली, आपापलं दूध घेऊन गेली, जाताना नानांना जेवायलाही घेऊन गेली. म्हणजे ज्यासाठी निघाले होते ते काम तिथेच उभ्या उभ्या पार पडलं. पण नाना पुराची गोष्ट सांगताना दुधाचं सांगत नाहीत. दांड्याचं सांगतात.

पाणी ओसरल्यावर जो नवा दांडा झाला तो बाजारातला नव्हता. जाड भिंतीचा सीमलेस पाइप आणून नाना उधन्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत एका लेथवाल्याकडे गेले. हा माणूस यंत्रमागाचे पार्ट करणारा, एका खोलीत एक लेथ, एक पंखा आणि भिंतीवर हनुमान. सुरतेत काहीही मोडलं तर ते मागाच्या पार्टवाल्याकडे नेता येतं. ज्याने धोट्याला मारणाऱ्या यंत्राचे भाग केले त्याला जगातला कुठलाच दणका नवा नसतो. अडचण आली ती उलट्या आट्यांच्या टॅपची. सुलट्याचा टॅप प्रत्येकाकडे, उलट्याचा कुणाकडे नाही. नाना भंगारबाजार पालथा घालून तो घेऊन आले. आजही तो काकूंच्या देवघरामागच्या फळीवर तेलकट फडक्यात असतो आणि नवरात्रात त्याला कुंकू लागतं.

नवा दांडा वाकेना. नाना मुद्दाम तपासायला म्हणून फुटपाथ चढून-उतरून आले. दांडा सरळच. आणि इथून गोष्ट सुरू झाली.

वाकायचं काम दांड्याने बंद केल्यावर ते त्याच्या टोकाच्या बॉल जॉइंटकडे आलं. टायरॉड एंड खिळखिळे झाले. नानांनी ट्रकचे जाड एंड आणले. त्यांचा टेपर नकलच्या भोकात बसेना, म्हणून भोक टेपर रीमरने मोठं केलं. मग एंड पक्के झाले आणि ड्रॅग लिंक गेली. लिंक जाड केली. मग एका पुलाच्या सांध्यावरून जाताना पन्नाशीच्या वेगात चाकं अशी थरथरू लागली की स्टीअरिंग नानांच्या दोन्ही हातांतून सुटून स्वतंत्र झालं. जीपवाले याला वॉबल म्हणतात, आणि ज्याला तो एकदा आला तो पुढे कित्येक दिवस पुलाचे सांधे मोजत गाडी चालवतो. नानांनी स्टीअरिंग डॅम्पर लावला. थरथर थांबली.

नानांचा मेकॅनिक, ज्याला ते उस्ताद म्हणतात, हा कमी बोलणारा माणूस. त्याने गाडी जॅकवर घेतली, चाक वरखाली धरून हलवलं आणि डॅम्पर काढून बाकावर ठेवला. “नाना, ये तो पट्टी है. बीमारी किंगपिन में है.” बेअरिंगं ढिली झाली होती. पातळ शिम काढून ताण बरोबर केला आणि थरथर डॅम्परशिवायच गेली. नानांनी डॅम्पर तरीही परत लावला. हेवी म्हणून.

एवढं सगळं पक्कं झाल्यावर दणक्याला जायला एकच जागा उरली. स्टीअरिंग बॉक्स जिथे चेसिसला बोल्टने बसतो तिथे केसाएवढी भेग दिसली. नाना खचतील असं मला वाटलं होतं. ते उजळले. त्यांनी सहा मिलिमीटरची प्लेट आणली आणि ती चौकोनी न कापता हिऱ्याच्या आकाराची कापली. यात शास्त्र आहे. चेसिसला आडवा छेद देणारं उभं वेल्डिंग केलं तर जोडाच्या कडेला ताण गोळा होतो आणि नवी भेग तिथूनच जाते. तिरक्या कडांमुळे तो पसरतो.

हिऱ्याचा आकार आला आणि समोरच्या फ्लॅटमधले हिरेवाले काका ओढले गेले. वराछाच्या कारखान्यात त्यांची हयात हिरे पारखण्यात गेली. ते खिशातून आयग्लास काढून डोळ्याला लावतात आणि दहापट मोठं जग पाहतात. नानांच्या आग्रहावरून ते गुडघ्यांवर बसले, वेल्डिंगचा जोड निरखला आणि थंडपणे म्हणाले, “नाना, आ तो एसआय-टू छे. अंदर काळो डाघ देखाय छे.” हिऱ्याच्या शुद्धतेच्या पायऱ्यांत एसआय-टू म्हणजे बऱ्यापैकी खालची. नानांनी अख्खा जोड ग्राइंडरने काढला आणि पुन्हा केला. दुसऱ्या वेळी व्हीएस मिळाला. तिसऱ्या वेळी व्हीव्हीएस. जगात चेसिसच्या वेल्डिंगला हिऱ्याची ग्रेड मिळालेली ही एकच गाडी असावी. वेल्डिंगच्या तळाशी खरंच मळी अडकलेली होती, हेही सांगायला हवं. काकांचा डोळा चुकला नव्हता.

नाना बेफिकीर मात्र नाहीत. ड्रॉप आर्म, नकल, लिंकचे घडीव भाग यांना ते वेल्डिंगचा हात लावू देत नाहीत. घडीव लोखंड तापलं की त्याचा कस बदलतो, आणि बाहेरून छान दिसणारा भाग एके दिवशी वळणावर दोन तुकडे होतो. कॅसल नटमधली स्प्लिट पिन एकदा काढली की पुन्हा वापरायची नाही, हा त्यांच्याकडे धर्म आहे. एरवी साबणाची वडी संपली तरी तिचा चुरा दुसरीला चिकटवणारा हा माणूस, पण जुनी पिन सरळ करून घालणाऱ्याशी ते बोलणं सोडतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यांना पाठ आहे, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्याबद्दल कान उपटले तेही ठाऊक आहे. “आपण बदल नाही केला, तेच मजबूत केलं,” असा त्यांचा बचाव. कायद्याला तो मान्य होईल असं मला वाटत नाही. पासिंगच्या वेळी त्यांनी हा बचाव साहेबांसमोर टायरॉडच्या इतिहासासकट मांडायला घेतला, तेव्हा काकूंनी जीपमधूनच हाक मारली आणि प्रकरण वाचलं.

उस्ताद आणि लेथवाला, दोघांचं नानांविषयी एक मत आहे. लेथवाला म्हणतो, मागात धोटा मधेच अडकला की माग एका झटक्यात थांबतो, म्हणून ताण्याचे हजारो धागे वाचतात. कुठल्याही चांगल्या मशिनीत एक पिन मुद्दाम नरम ठेवलेली असते, की ती तुटावी आणि गिअर राहावा. उस्तादने हेच एका वाक्यात सांगितलं, “नाना, कुछ तो टूटने दो.” बाजारातला टायरॉड वाकला तर झाडाच्या बेचक्यात घालून सरळ करता येतो. चेसिस फाटली तर कुठलं झाड आणायचं?

नानांनी हे सगळं ऐकलं आणि बोलेरोचं पॉवर स्टीअरिंग बसवून घेतलं. कारण मध्यंतरी इतकं लोखंड वाढलं होतं की चक्र फिरवता फिरवता त्यांचाच उजवा खांदा आखडला. डॉक्टरांनी एक्स-रे लावून खांद्याचा सांधा दाखवला. नाना चित्राकडे बघत म्हणाले, “बॉल जॉइंट. ग्रीस संपलंय.” डॉक्टर हो म्हणाले आणि ती चूक त्यांना महागात पडली. पुढचे रुग्ण बाहेर ताटकळत असताना डॉक्टरांचे दोन्ही हात नानांच्या हातात होते.

मध्ये एकदा आम्ही त्यांना गोव्याला घेऊन गेलो. तिथे २०१४ पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज नावाची स्पर्धा होते. लाल चिखल, उभे कडे, विंचवर गाडी लटकवून वर ओढायची. नाना भक्तिभावाने गेले होते, की इथे तरी न मोडणारं स्टीअरिंग पाहायला मिळेल. पाहिलं काय, तर पट्टीचे गडी मागच्या बाजूला जादा टायरॉड बांधून फिरतात, चिखलात आडवे होऊन बदलतात आणि शिट्टी वाजवत पुढे जातात. अमेरिकेतल्या रुबिकॉनच्या खडकांतही हीच रीत. तिथे दोन बॅटऱ्या जोडून जंगलातच वेल्डिंग करतात. नाना परतीच्या गाडीत बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तयारी कमी पडते लोकांची.”

२०२० साली नवी थार आली आणि त्यांच्या भाच्याने ती घेतली. पेढे घेऊन तो दाखवायला आला. नाना पेढा न घेता थेट गाडीखाली गेले. पावलं बराच वेळ हलली नाहीत. पुढे चाकं सुटीसुटी, रॅक-पिनियन, सगळं आटोपशीर. बाहेर येऊन म्हणाले, “याच्यात दांडाच नाही रे.” भाचा म्हणाला, “मामा, गरजच नाही त्याची.” घरात कुणी गेल्याची बातमी यावी तसे नाना बाकावर बसले, असं मी लिहिणार होतो, पण खरं तर ते त्याला पेढ्यासकट परत पाठवून पुन्हा एमएम-५४० खाली गेले आणि ग्रीस मारायला लागले.

काकूंनी शेवटी तोरणमाळ काढलं. माहेर शहाद्याचं, आणि लग्नात म्हणे नानांनी तोरणमाळला नेण्याचा शब्द दिला होता. काकू पुढे, मी आणि हिरेवाले काका मागे, आमच्या पायाशी जादा टायरॉड, जादा ड्रॅग लिंक, एंडांचा डबा, ग्रीसगन आणि कळण्याच्या भाकरीचं गाठोडं. बारडोलीला थांबलो, १९२८ च्या सत्याग्रहासाठी नाही, स्प्लिट पिन बघायला. व्याऱ्याला नट बघितला. गायकवाडांच्या सोनगडला किल्ला वर दिसत होता, नाना खाली होते. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात आहे. तिथे त्यांनी सीमा कुठून जाते ते चौकशी करून नेमकी तिच्यावर जीप लावली आणि डोकं महाराष्ट्रात, पाय गुजरातेत ठेवून ग्रीस मारलं. हिरेवाले काकांनी त्याचा फोटो काढला. प्रकाशा गावाला तापी ओलांडली तेव्हा ऊन कलायला आलं होतं. काकूंचा शब्द होता यशवंत तलाव दिवसाउजेडी बघायचा.

सात पायरीच्या घाटात एका वळणावर समोर काळीपिवळी उभी. महिंद्रचीच, आमच्या जीपच्या खानदानातली पण जास्त सोसलेली. आत माणसं, टपावर माणसं, मागे लटकलेली माणसं, एका मांडीवर कोंबडी. ड्रायव्हर शहाद्याकडचा पोरगा, मिशी नुकती फुटलेली. इंजिनाला जरा श्वास घेऊ देत होता एवढंच, मोडलं काहीच नव्हतं. पण नानांची नजर सवयीने खाली गेली आणि ते ओरडले.

टायरॉड दोनदा वाकून दोनदा सरळ केलेला होता. एका टोकाचा रबरी बूट गायब, तिथे ट्यूबची पट्टी गुंडाळून तारेने बांधलेली. कॅसल नटमध्ये स्प्लिट पिनच्या जागी खिळा. खिळा! नानांनी तो दोन बोटांत धरला तेव्हा त्यांचा हात कापत होता. ड्रायव्हर वाकून बघत म्हणाला, “काहीच नई व्हस, नाना. तीन पावसाळा झायात.”

पुढचा तास मी विसरणार नाही. प्रवासी उतरले, मोहाच्या झाडाखाली बसले आणि बघू लागले. ड्रायव्हर नको-नको म्हणत होता, पण नाना आधीच खाली होते. आमच्या पायाशी असलेला जादा दांडा निघाला. लांबीत अर्ध्या इंचाचा फरक होता, तो आट्यांत निघाला. हिरेवाले काका आयग्लास लावून जुन्या एंडचे आटे तपासत होते आणि गर्दीतले चौघेजण तो आयग्लास एकेकदा डोळ्याला लावून कोंबडी बघत होते. काकूंनी कळण्याची भाकरी आणि ठेचा वाटायला घेतला. नानांनी खडू काढला, सुतळी ताणली, एक डोळा मिटला. झाडाखालच्या म्हाताऱ्यानेही मिटला आणि म्हणाला, डावं जरा बाहेर आहे. ते होतंच.

तोरणमाळला पोचलो तेव्हा गर्द अंधार. यशवंत तलाव कुठे आहे ते बेडकांवरून कळत होतं. काकू काही बोलल्या नाहीत. फक्त गाठोड्यातून लाटणं काढून उशाला घेतलं. लाटणं त्यांनी का आणलं होतं, हे कुणी विचारलं नाही.

परत आल्यावर काही दिवसांनी सकाळी फोन वाजला. नाना खाली होते, म्हणून काकूंनी फोन गाडीखाली दिला आणि स्पीकर लावला. शहाद्याचा पोरगा होता. “नाना, दांडा यक नंबर शे! कितला बी दगड लागना तरी वाकस नई!” पावलं आनंदाने हलली. मग तो जरा थांबून म्हणाला, “पन आते बॉक्सपासी चेसिसले भेग पडनी ना.”

क्षणभर शांतता झाली आणि नाना सरपटत बाहेर आले, चेहऱ्यासकट. आमच्या मजल्यावरच्या लहान मुलीने त्यांना विचारलं, आजोबा, तुम्ही कोण? नानांना उत्तर द्यायला सवड नव्हती. त्यांनी उस्तादला फोन लावला, हिरेवाल्या काकांच्या खिडकीखाली उभं राहून आयग्लास घेऊन यायला सांगितलं आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर खडूने हिऱ्याचा आकार काढला. काकू आत जाऊन पिशवी भरू लागल्या; त्यांनी एवढंच बजावलं की या वेळी आधी तलाव, मग भेग. नाना हो म्हणाले. दुपारपर्यंत चार प्लेटा कापून झाल्या होत्या. भेगेला दोन पुरे होत्या. उरलेल्या दोन कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, “पुढची भेग कुठे जाईल ते मला आत्ताच माहीत आहे.”